शिवाजीनगर कोर्टाजवळचं एक वकील-ऑफिस: दोन स्टार, तेही ज्युनिअरमुळे

नाव लिहीत नाही. दावा अजून चालू आहे आणि माझे कागद त्यांच्याकडेच आहेत.

पुतण्यांनी लावलेल्या वाटपाच्या दाव्यात मी प्रतिवादी. ऑफिसात एसी आहे, चहा मिळतो, फी आगाऊ. वकीलसाहेबांचा युक्तिवाद ऐकत राहावा असा, यात वाद नाही. त्रास आहे तो त्यांच्या तोंडाचा.

दुसऱ्या भेटीत ज्युनिअर मॅडमनी कैफियतीच्या, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराच्या, कच्च्या मसुद्यात गट नंबर चुकलाय, सातबाऱ्यावर वेगळा आहे, एवढंच दाखवलं. साहेबांनी फाईल सरळ तिच्या अंगावर भिरकावली. "मला शिकवतेस? सनद कधीची तुझी?" समोर आम्ही तीन अशील. ती खाली बसून सुटे कागद गोळा करत होती. एक उतारा माझ्या पायाशी आला होता, तो उचलून दिला. बोललो मात्र काहीच नाही.

एसटीत ३१ वर्षं काढली, डेपोतला आरडाओरडा मला नवा नाही. पण आमच्याकडे युनियन होती. आज ओरडलेला साहेब उद्या जरा जपून बोलायचा. इथे ज्युनिअर कागदोपत्री नोकर नाहीच. हजेरीपट नाही, पीएफ नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरातल्या ज्युनिअरला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत असं सुचवलं, पण ते नुसतं सुचवणंच. या मुलीला ६,००० मिळतात. कोर्टाच्या कँटीनमध्ये तिनेच सांगितलं.

आता माझं नुकसान. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची, फार तर ९०. साहेब "बघू, बघू" करत राहिले आणि 'नो डब्ल्यूएस' ऑर्डर झाली, म्हणजे कैफियत आलीच नाही असं धरून दावा पुढे. ती रद्द करायला वेगळा अर्ज, वर २,००० रुपये कॉस्ट. भरली मीच. मॅडमच्या डायरीत नव्वदावा दिवस लाल पेनाने लिहिलेला होता.

"मग सांगितलंस का नाही, बाळा?"

"काका, गट नंबरच्या वेळी तुम्ही होतात ना तिथे?"

तो अर्जही तिनेच लिहिला. साहेबांनी सही केली.

पार्किंग नाही, जिना अंधारा. जायचंच असेल तर संध्याकाळी सातनंतर जा. साहेब निघून गेलेले असतात, मॅडम फाईल उघडून सगळं नीट समजावून सांगतात.