निकोटीन गम, २ मिलिग्रॅम : बारा आठवड्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

अठरा वर्षे रोज साधारण बारा सिगारेटी ओढल्यानंतर त्या सोडण्यासाठी मी औषधाच्या दुकानातून २ मिलिग्रॅमचा, पुदिन्याच्या स्वादाचा निकोटीन गम आणला आणि सलग बारा आठवडे वापरला. या गमचा मला निश्चित उपयोग झाला. मात्र तो तलफेच्या एकाच अंगावर काम करतो, हे मला आधी कोणी सांगितले असते तर पहिले दहा दिवस वाया गेले नसते.

ते दहा दिवस मी हा गम साध्या च्युइंग गमसारखा सतत चघळत होतो. त्यामुळे घशात जळजळ होई, उचक्या लागत आणि तलफ मात्र जागच्या जागी राही. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जावे लागते; लाळेबरोबर गिळले तर त्याचा बराचसा भाग यकृतातच नष्ट होतो. योग्य पद्धत अशी, की तिखटसर झिणझिणी जाणवेपर्यंत गम सावकाश चावायचा, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, चव ओसरली की पुन्हा थोडा चावायचा आणि हे अर्धा तास चालू ठेवायचे. गम तोंडात असताना आणि त्याआधी पंधरा मिनिटे कॉफी, फळांचा रस किंवा शीतपेय घेऊ नये, कारण तोंड आम्लधर्मी झाले की निकोटीन नीट शोषले जात नाही.

शरीराची तलफ समजून घेतली, की गमकडून किती अपेक्षा ठेवावी हे कळते. झुरक्यातले निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते, तेथील ग्राहींना, म्हणजे पेशींवरील ठरावीक जागांना, चिकटते आणि डोपामिन हे आनंदाची भावना देणारे रसायन स्रवते. पुढे सुमारे दोन तासांत रक्तातले निकोटीन निम्म्यावर येते, रात्रभरात ते जवळजवळ संपते आणि म्हणून सकाळची पहिली सिगारेट सर्वांत जास्त हवीशी वाटते. हा वेगही प्रत्येकाचा सारखा नसतो : निकोटीनचे विघटन करणारे यकृतातील विकर (एन्झाइम) काहींमध्ये आनुवंशिकतेनेच जास्त कार्यक्षम असते आणि अशा माणसाला तलफ लवकर येते. गममधले निकोटीन झुरक्याइतके झटपट चढत नाही, त्याला वीस-तीस मिनिटे लागतात. त्यामुळे तलफ आल्यावर गमचे पाकीट शोधण्यापेक्षा पहिले सहा आठवडे घड्याळ लावून, दर एक-दोन तासांनी गम घेणे मला अधिक लाभले. ज्यांना उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागते, त्यांना सहसा ४ मिलिग्रॅमचा गम सुचवला जातो, आणि आपल्याकडे त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

चौथ्या आठवड्यापर्यंत चिडचिड आणि बेचैनी बरीच निवळली होती. तरीही संध्याकाळी कचेरीतून सुटल्यावर टपरीवर चहाचा ग्लास हातात आला आणि शेजारी कोणी काडी ओढली, की तोंडात गम असतानाही जीव कासावीस होई. याचे कारण शोधताना मी साधा हिशेब केला. एका सिगारेटचे दहा झुरके धरले, तर अठरा वर्षांत सात लाखांहून अधिक झुरके झाले, आणि त्यातला प्रत्येक झुरका चहाशी, जेवणाशी, फोनवरच्या बोलण्याशी किंवा एखाद्या ताणाशी जोडला गेलेला होता. मेंदूने केलेली ही जोडणी रक्तातल्या निकोटीनची पातळी राखून सुटत नाही. जागा, वेळ आणि सोबत बदलावी लागते. मी चहा टपरीऐवजी घरी घेऊ लागलो. तो पाच कपांवरून तीन कपांवरही आणला, कारण धुरातील काही घटकांमुळे कॅफिनचे विघटन जलद होत असते आणि सिगारेट सुटली की तेवढाच चहा शरीरात जास्त वेळ रेंगाळतो. त्यातून येणाऱ्या अस्वस्थतेला मी कितीतरी दिवस तलफच समजत होतो.

तलफेच्या या दुसऱ्या, सवयीच्या अंगासाठी मला १८००-११-२३५६ या तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीच्या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवेचा आधार झाला. हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. तो खिशात बाळगूनही मी कधी फिरवला नव्हता. समुपदेशकांनी तलफ कोणत्या वेळी, कोणाबरोबर असताना आणि कशानंतर येते, ते आठवडाभर लिहून ठेवायला सांगितले. गमच्या वेळा मी त्या नोंदींवरूनच ठरवल्या. दहाव्या आठवड्यापासून दिवसाला तीन आणि शेवटी दोन गम पुरले. गर्भवतींनी, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि जबड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा गम घेऊ नये.

पुदिन्याची चव सुसह्य आहे आणि पट्टी खिशात सहज मावते. माझी खरी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे : ते केवळ इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत होते, की दुकानदारालाही ते वाचून दाखवता आले नाही. चावा, थांबा, पुन्हा चावा, एवढी सूचना तरी पट्टीच्या मागेच मराठीत छापावी, अशी उत्पादकांना माझी मनापासून विनंती आहे.