औषध-चाचणी की निरीक्षण-अभ्यास?

देवगडच्या मावशींना मधुमेहासाठी दोन्हीकडून विचारणा आलीय. सही कुठे करावी?

जोखीम चाचणीत जास्त: औषध नवं, शिवाय आपल्याला तेच मिळतंय की दुसरं काही, हे अनेकदा कळत नाही. पण कायद्याचं संरक्षणही तिथेच भक्कम. औषध-चाचण्यांच्या २०१९च्या नियमांनुसार सहभागींचं हित पाहणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी, सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत आधी नोंदणी, इजा झाल्यास मोफत उपचार, ती चाचणीमुळे झाली असेल तर भरपाईसुद्धा. निरीक्षण-अभ्यासात नवं औषध नसतं, फक्त रक्ततपासणी नि प्रश्नावली. तिथे जपायची ती माहितीची गुप्तता.

खेपांचं म्हणाल तर चाचणीसाठी घाट चढून कोल्हापूर.

संमतीपत्र मात्र मराठीतच मागा, त्यावर समितीचा फोन नंबर हवाच. माघार दोन्हीकडे कधीही घेता येते.

साखर आटोक्यात असेल तर अभ्यास बरा. औषधं लागू पडत नसतील नि प्रवास झेपत असेल, तर नेहमीच्या डॉक्टरांना विचारून चाचणी.