मँचेस्टर युनायटेडचा शेअर : कमाई मालकाची, भागधारकाच्या हाती काय?

परदेशी शेअर मिळवून देणाऱ्या एका अ‍ॅपवरून मी मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधील फुटबॉल क्लबचे काही शेअर घेतले असून ते आजही माझ्याकडे आहेत. जळगावात फुटबॉलची आवड असलेली तरुण मंडळी हा शेअर घ्यावा का, असे विचारतात, त्यांच्यासाठी हा अभिप्राय.

न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात हा शेअर ऑगस्ट २०१२ मध्ये १४ डॉलरला विक्रीस आला. आपल्याला मिळतो तो ‘अ’ वर्गाचा शेअर, ज्याला एकच मत असते. क्लबचे मालक असलेल्या ग्लेझर कुटुंबाकडील ‘ब’ वर्गाच्या प्रत्येक शेअरला मात्र १० मते आहेत. दर सहामाहीला मिळणारा ९ सेंटचा लाभांशही २०२२ नंतर बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी ३३ डॉलर भावाने २५ टक्के हिस्सा उचलला. तो भाव ‘अ’ वर्गालाही देऊ केला होता, पण विकायला आलेल्या शेअरपैकी एक-तृतीयांशाहून थोडेच अधिक स्वीकारले गेले, आणि माझ्या अ‍ॅपने तर ही सूचना मुदत उलटल्यावर दाखवली. पुढच्या वर्षभरात भाव पुन्हा १४-१५ डॉलरपर्यंत उतरला, म्हणजे पहिल्या दिवशी शेअर घेणारा भागधारकही तोवर जवळपास होता तिथेच राहिला.

ग्लेझर यांचे तसे नाही. २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेताना त्यांनी बरेचसे पैसे कर्जाऊ उभे केले आणि त्या कर्जाचा मोठा भार क्लबवरच टाकला. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला हे सहज कळेल : बाग घ्यायला काढलेले कर्ज बागेच्याच उत्पन्नातून फेडायचे, आणि भाव आला की बागेचा तुकडा विकायचा. स्वतःची रक्कम कमी गुंतवल्यामुळेच त्यांचा नफा मोठा दिसतो.

ज्याने खरोखर खिशातून ओतले, त्याचा हिशेब वेगळा आहे. रशियन धनाढ्य रोमन अब्रामोविच यांनी २००३ मध्ये कर्जासह सुमारे १४ कोटी पौंडांना लंडनचा चेल्सी क्लब घेतला आणि पुढे त्यात सुमारे १५० कोटी पौंड कर्जरूपाने घातले. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे ब्रिटनने त्यांच्यावर निर्बंध घातले; क्लब २५० कोटी पौंडांना विकला गेला, पण ती रक्कम ब्रिटनमध्ये गोठवलेल्या खात्यात गेली. निर्बंध नसते, तर एवढा खर्च वजा जाऊनही चांगली बाकी उरली असती. उलट पुण्याच्या व्यंकीज समूहाने, ज्याचे नाव नवापूरच्या कोंबडीपालकांना चांगले ठाऊक आहे, २०१० मध्ये सुमारे २.३ कोटी पौंडांना ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लिश क्लब घेतला. २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीग या तिथल्या सर्वोच्च लीगमधून खाली घसरला आणि तोटा भरण्यासाठी मालकांना वर्षानुवर्षे पैसे पाठवावे लागले. मालकाला पैसा मिळतो तो प्रामुख्याने विक्रीच्या वेळी, तोही संघ वरच्या लीगमध्ये टिकला तर. किरकोळ भागधारकाला ही विक्री घडवून आणण्याचा अधिकारच नसतो, आणि या शेअरविषयी माझी मुख्य तक्रार हीच आहे.

त्यामुळे गुंतवणूक म्हणून मी हा शेअर कोणालाही सुचवणार नाही. क्लबवरील प्रेमापोटी एखादा घ्यायचा असेल, तर डॉलर रूपांतराचे शुल्क आधी पाहावे आणि प्राप्तिकर विवरणपत्राचा नेहमीचा आयटीआर-१ नमुना चालणार नाही हे लक्षात ठेवावे. आयटीआर-२ मधील ‘शेड्यूल एफए’ या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यामध्ये एका शेअरचीही नोंद करावी लागते, आणि ती आर्थिक वर्षाप्रमाणे नव्हे, तर जानेवारी ते डिसेंबर अशी.