6 लाख 28 हजारांच्या नादात 64,820 रुपये गेले

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. साखर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये वीस वर्षं व्हाउचर तपासतोय. पार्सल अडकलंय, केवायसी संपलंय असले फोन मी अर्ध्या वाक्यात कट करतो. तरी नऊ दिवसांत चार वेळा पैसे पाठवले. गेले ते पोरीच्या नव्या बोसाठी, म्हणजे धनुष्यासाठी, बाजूला काढलेल्यातले.

पोरगी कंपाउंड आर्चरी खेळते, म्हणजे चाकं लावलेल्या धनुष्याची तिरंदाजी. अदिती स्वामी 2023 ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, तेव्हापासून आमच्या सातारा जिल्ह्यात धनुष्य धरणाऱ्या प्रत्येक पोरीच्या बापाला स्वप्नं पडतात. मलाही पडतात. आमची ज्युनिअर नॅशनलला टीम मेडल घेऊन आली आणि पंधराव्या दिवशी फोन आला.

स्वच्छ मराठी. "अभिनंदन साहेब. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला कंपाउंडची मिक्स्ड टीम घेतलीये, त्यामुळं दिल्लीनं कंपाउंडवाल्यांची वेगळी यादी काढलीये. खेलो इंडियातून वर्षाला 6 लाख 28 हजार." आता ऑलिंपिकचं खरं आहे. 6 लाख 28 हजारांचा आकडाही खरा आहे. त्याला पोरीचा स्कोअर पाठ, जन्मतारीख पाठ, सरांचं नाव पाठ. मला वाटलं, एवढं सरकारशिवाय कुणाला माहीत असणार? असणार की! सर्टिफिकेटचा फोटो मीच स्टेटसला टाकला होता आणि चौकातल्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर माझा मोबाइल नंबरसुद्धा होता. सर्टिफिकेट टाकताना जन्मतारीख झाका. फ्लेक्सवर नंबर तर कशाला हवा?

पहिले 2,360. नोंदणी 2,000, वर 18 टक्के जीएसटी. चोर जीएसटी लावत नाही, असं मला वाटलं. मग 12,560 'परत मिळणारी अनामत', म्हणजे रकमेच्या बरोबर दोन टक्के. हिशेब जुळला की आम्हा कारकुनांचा विश्वास बसतो, त्यानं तेच ओळखलं.

तिसऱ्या वेळी 31,400. पाच टक्के टीडीएस आगाऊ भरा म्हणाला. इथं मी थांबायला हवं होतं. टीडीएस येणाऱ्या पैशातून कापतात, देणारा कापतो. मी स्वतः कारखान्यात ठेकेदारांच्या बिलातून तो कापतो. ज्याला पैसे मिळायचेत त्यानंच आधी भरायचा, असं मला कारखान्यात कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. वर क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं एका मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. पोरगी शेजारीच बसली होती. म्हणाली, "पप्पा, सरकारचं खातं असं असतं का?" मी म्हणालो, "तू गप बस, तू प्रॅक्टिसचं बघ." आणि पिन टाकला. ते वाक्य अजून कानात वाजतं, तिचं नाही, माझं.

तिच्या मैत्रिणीला हीच स्कॉलरशिप मिळते हेही मला माहीत होतं. हातात पडतात महिन्याला 10,000, तेही तीन-तीन महिन्यांचे एकदम. बाकीचा खर्च ट्रेनिंगवर, अकॅडमीमार्फत. 6 लाख 28 हजार थेट बापाच्या खात्यात कधीच येत नाहीत. निवड खेळ बघून होते, फोनवर फी घेऊन नाही. टॉप्स म्हणजे ऑलिंपिकच्या तयारीची सरकारी योजना, तिचंही तसंच, ते महिन्याला 50,000 मिशन ऑलिंपिक सेल ठरवतो, कुणी 'साहेब' नाही. सगळं माहीत होतं. पण बाण मोडला की नवा घेताना दहा वेळा विचार करणाऱ्याला 'सरकार बो देतंय' म्हटल्यावर माहिती आठवत नाही. ज्याच्या घरात खेळाडू नाही त्यानं हसावं खुशाल.

चौथे 18,500. आधारवर नावाचं स्पेलिंग जुळत नाही म्हणून. पाचव्यांदा 40,000 मागितले तेव्हा ते नव्हतेच, म्हणून वाचलो. अक्कल आली म्हणून नव्हे.

सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार केली, तक्रारीचा नंबर मिळाला. तुम्ही पहिल्या तासात करा. मी लाजेपायी दोन दिवस घालवले. पुढचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, जिल्ह्याच्या सायबरला जा. सायबरला म्हणाले, आधी तुमच्या ठाण्याचं पत्र आणा. एक हवालदार तर, "ओटीपी दिला का?" नाही म्हटलं. "मग स्वतःच पाठवले ना?" आणि शेजाऱ्याकडं बघून हसला. बँकेत मॅनेजरचं तेच, पिन तुमचा, बँकेची जबाबदारी नाही. क्रीडा कार्यालयात गेलो की असल्या नावानं फोन येतायत, निदान प्रशिक्षकांच्या ग्रुपवर एक सूचना टाका. साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा गेलो, साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा लेखी अर्ज दिला तर क्लार्क म्हणाला, "यात आमच्या ऑफिसचा संबंध काय?" अहो, नाव तुमच्या योजनेचं वापरतायत! पोचपावतीसुद्धा मागून घ्यावी लागली. मेडल आलं तेव्हा याच ऑफिसातली माणसं फोटोला पुढं उभी होती.

कुठल्यातरी खात्यात आमचे 4,200 गोठवलेत म्हणे. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. वकील 5,000 सांगतोय.

काल पोरीच्याच टीममधल्या एकीच्या वडिलांचा फोन आला. त्यांना 2,360 मागितलेत.