जुनी डिजिटल बॅक घेताना नमुना फाइलमधला अनुक्रमांक तपासा

वापरलेली मीडियम फॉरमॅट डिजिटल बॅक, म्हणजे मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याला मागून फिल्मऐवजी लावायचा सेन्सर असलेला भाग, घेण्याच्या विचारात असणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे. विक्रेत्याने सदोष बॅक गळ्यात मारली, एवढ्यापुरतीच गोष्ट असती तर जुन्या मालाच्या व्यवहारात असे चालायचेच म्हणून ती सोडून देता आली असती. परंतु त्याने दुसऱ्याच बॅकने टिपलेल्या फाइल्स या बॅकच्या म्हणून दाखवल्या आणि दोष उघड झाल्यावर तो कधी माझ्या लेन्सवर, कधी केबलवर, तर कधी सॉफ्टवेअरवर ढकलला. या उपकरणांच्या बाबतीत अशी टोलवाटोलवी सहज खपते, कारण लेन्स, सिंक केबल, प्रकाशयोजना आणि सॉफ्टवेअर यांपैकी कशातही बिघाड असला तरी चित्रात दिसणारी लक्षणे बरीचशी सारखी असतात.

बॅक फेज वन या कंपनीची पी ४५+ होती, हॅसलब्लाडच्या व्ही मालिकेतील कॅमेऱ्यांना बसणारी. २००७ मध्ये आलेल्या या मॉडेलमध्ये ४९.१ × ३६.८ मिलिमीटरचा, ३९ मेगापिक्सेलचा सीसीडी सेन्सर आहे आणि आयएसओ ५० ला तो जे रंग देतो त्यासाठी आजही लोक ती शोधत असतात. मूळ उत्पादनाविषयी माझी काहीही तक्रार नाही. येवल्याच्या विणकरांच्या पैठण्यांची छायाचित्रे काढण्याचे काम माझ्याकडे असते आणि जरीचा प्रत्येक धागा सुटा दिसावा यासाठी मला ती हवी होती. जुन्या कॅमेऱ्यांचा व्यापार करणाऱ्या मुंबईतील एका विक्रेत्याने भाजीबाजार, डोंगर, दाट झाडी अशा विषयांच्या रॉ, म्हणजे संस्कार न केलेल्या मूळ, फाइल्स पाठवल्या. त्या खरोखरच निर्दोष होत्या. पैसे बँकेतून गेले आणि पावतीवर ‘माल जसा आहे तसा’ एवढेच लिहून आले.

स्टुडिओत करड्या कागदापुढे पैठणी टांगून पहिली छायाचित्रे घेतली, तेव्हा चौकटीच्या बरोबर मध्यातून वरपासून खालपर्यंत एक सरळ सीमा दिसली. डावीकडचा करडा किंचित तांबूस आणि उजवीकडचा किंचित हिरवट होता. पदरावरच्या बांगडीमोरात ती जवळजवळ लपत होती, मात्र मोकळ्या कागदावर लपायला जागाच नव्हती. बाजाराची आणि झाडीची छायाचित्रेच नमुन्याला का निवडली असतील, याचा अंदाज मला तेव्हा आला. मोठ्या सीसीडीतील माहिती एकाहून अधिक वाटांनी वाचली जाते आणि या वाटांमधला सूक्ष्म फरक कारखान्यात केलेल्या कॅलिब्रेशनने भरून काढलेला असतो. वयोमानाने किंवा दुरुस्तीत ते बिघडले की असा सांधा दिसू लागतो.

विक्रेत्याचे पहिले उत्तर होते की हा जरीचा मोआरे आहे. या बॅकमध्ये मोआरे रोखणारा फिल्टर नसल्याने जरीवर रंगीत लहरी उमटतात, हे खरेच आहे, आणि माझ्या चित्रांतही त्या होत्या. पण मोआरे विणीवर उमटतो, कोऱ्या कागदावर नाही, आणि कॅमेरा थोडा पुढेमागे केला की त्याचा आकार बदलतो. ही सीमा मात्र तसूभरही हलली नाही. मग त्याने लेन्सकडे बोट दाखवले. ८० आणि १५० मिलिमीटरच्या लेन्ससमोर दुधी अॅक्रिलिकची पट्टी धरून छायाचित्रे घेतली, तर दोन्हींत सीमा पिक्सेलच्या त्याच स्तंभावर आली. कॅमेरा आडवा-उभा करूनही ती चौकटीत जागच्या जागी राहिली, म्हणजे दिव्यांचा प्रश्नही मिटला. यानंतर सिंक केबलची पाळी आली. व्ही मालिकेतील बहुतेक कॅमेऱ्यांत शटर लेन्समध्ये असते आणि ते उघडल्याची खबर बॅकला केबलमार्फत मिळते. केबल ढिली असेल तर एखादी फ्रेम नोंदलीच जात नाही किंवा जांभळट झाक घेऊन येते. हा दोष मधूनच येतो आणि जातो, तर माझ्याकडची सीमा प्रत्येक फ्रेममध्ये होती आणि बॅक तापली की अधिकच ठळक व्हायची.

शेवटी त्याने कॅप्चर वन या रॉ फाइल्स उघडण्याच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीला दोष दिला, आणि तिथेच तो सापडला. त्याने पाठवलेल्या फाइल्स आणि माझ्या फाइल्स मी त्याच संगणकावर, त्याच आवृत्तीत शेजारी शेजारी उघडल्या. त्याच्या स्वच्छ निघाल्या आणि माझ्यांत सीमा तशीच होती. फेज वनच्या रॉ फाइलमध्ये बॅकचा अनुक्रमांक नोंदलेला असतो आणि एक्झिफटूल या मोफत साधनाने तो वाचता येतो. माझ्या फाइल्समधला क्रमांक बॅकच्या खालच्या पट्टीवर छापलेल्या क्रमांकाशी तंतोतंत जुळला. नमुना फाइल्समध्ये वेगळाच क्रमांक होता. विचारल्यावर उत्तर आले की मदरबोर्ड बदलल्यामुळे क्रमांक बदलला. बदललेल्या बोर्डावर वेगळा क्रमांक आला असता, तर आज निघणाऱ्या फाइल्समध्ये तोच दिसायला हवा होता, पट्टीवरचा नव्हे. या प्रश्नानंतर त्याने फोन उचलणेच बंद केले.

तेव्हा अशी बॅक घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी अनुक्रमांक दिसेल असे पट्टीचे छायाचित्र आणि मूळ रॉ फाइल दोन्ही मागवावे. जेपेग किंवा टिफ स्वीकारू नये, कारण कॅप्चर वनमधील एलसीसी ही चौकटीतला रंगाचा आणि उजेडाचा असमानपणा काढणारी दुरुस्ती असा सांधा बऱ्याच अंशी झाकू शकते आणि निर्यात केलेल्या चित्रात ती वापरली होती की नाही हे कळत नाही. फाइल एकसारख्या उजळलेल्या कोऱ्या भिंतीची असावी. शक्य असेल तर समक्ष जाऊन, आपले कार्ड आणि आपली लेन्स लावून ती स्वतः टिपावी. झाकण लावून मिनिटभराचे एक्स्पोजरही घ्यावे. त्यानंतर तेवढाच वेळ बॅक चित्रातले नको असलेले ठिपके वजा करण्यासाठी स्वतःची अंधारी फ्रेम घेत बसते, त्यामुळे विक्रेता घाई करू लागला तरी आपण थांबावे.

कायद्याबाबत वकिलाने दोन गोष्टी सांगितल्या, त्या इतरांनाही उपयोगी पडतील. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूंना लागू होत नाही, पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्या अपवादात येत नाही. एकट्याने काम करणाऱ्या छायाचित्रकाराला त्यामुळे दार बंद नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. पावतीवर ‘जसा आहे तसा’ असले तरी दुसऱ्या वस्तूचा पुरावा याच वस्तूचा म्हणून दाखवण्याची मुभा त्यातून मिळत नाही, असे त्यांचे मत पडले. पोलिसांत जायचे झाल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचे आहे. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

माझी तक्रार आयोगापुढे दाखल आहे. बॅकचे नव्याने कॅलिब्रेशन करून घेतल्यास ती कदाचित सुधारेलही, पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तिला कोणालाही हात लावू देणार नाही, कारण कॅलिब्रेशन बदलले की आयोगापुढे दाखवायचा दोषच उरणार नाही.