अपाचेचं किट मस्त, पण रॉकेटचा डोळा भलत्याच जागी

दादरला स्टेशनजवळच्या गल्लीत एका दुकानातून अपाचे या लढाऊ हेलिकॉप्टरचं १/४८ स्केलचं, जोडायच्या मॉडेलचं किट घेतलं, १,८५० सांगत होते, घासाघीस करून १,६०० ला दिलं. दुकानवाले काका म्हणाले "न्या ओ, लेझरवालं आहे", आणि डब्यावर पण चित्र तसंच, रॉकेट सुटतंय आणि टोकाला लाल दिवा.

बॉडी झकास आहे, पार्ट चपखल बसतात, पोटाखालची ३० मिमीची तोफ तर एवढी बारीक की चिमट्यात धरताना घाम फुटला. पण रॉकेटं बघितली आणि डोकंच फिरलं. रॉकेटं ठेवायचा १९ नळ्यांचा पॉड बरोबर दिलाय, सोबत सुटी रॉकेटं, आणि प्रत्येकाच्या नाकावर लाल मणी! अरे, नाकावर डोळा, म्हणजे लेझरचा उजेड टिपणारा सेन्सर, हेलफायर मिसाइलला असतो, ते अपाचेवरचं वेगळं, महागडं अस्त्र. ७० मिमीच्या साध्या, नुसतं सरळ सुटणाऱ्या हायड्रा रॉकेटला लेझरच्या इशाऱ्यावर वळवायला अमेरिकेने एपीकेडब्ल्यूएस काढलं, त्यात पुढचा स्फोटकाचा भाग जुनाच, मागची मोटर जुनीच, फक्त मधे गायडन्सचा, म्हणजे दिशा देणारा, एक तुकडा बसवतात आणि डोळे त्या तुकड्याच्या ४ पंखांवर असतात, नळीत असेपर्यंत पंख मिटलेले, बाहेर पडलं की उघडतात. म्हणजे समोरून बघितलं तर साधं कुठलं आणि लेझरवालं कुठलं कळणारच नाही. खरी गंमत तीच आहे ना, गोदामातला जुना माल वापरायचा आणि हेलफायरपेक्षा कितीतरी स्वस्तात नेम साधायचा. २०१२ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकेच्या मरीन्सनी ही लढाईत वापरली पण.

आतल्या कागदावर लिहिलंय की रॉकेट आपोआप टार्गेट शोधतं. शोधतं कसलं, हेलिकॉप्टरमधून नाहीतर जमिनीवरून कोणीतरी लेझर टार्गेटवर शेवटपर्यंत धरून ठेवायला लागतो, तिथून परत येणाऱ्या उजेडावर ते जातं. धूळ, ढग आडवे आले की बोंब, आपल्या जुलैत तर विचारूच नका (माझा रंग ३ दिवस वाळला नाही, पण तो किटचा दोष नाही).

शेवटी ब्लेडने मणी खरवडले, आता बरी दिसतात.

अजून एक, डेकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची चिन्हं, फक्त अमेरिकन आहेत. आपल्या वायुदलाकडे २२ अपाचे आहेत, पहिली २०१९ ला पठाणकोटला दलात दाखल झाली, मला ती बनवायची होती. काकांना फोन केला तर म्हणे "भारताचे वेगळे येतात, ३५० रुपये, मंगळवारी या." गेलो मंगळवारी, दुकान बंद.