बंब की गिझर?

जुन्या नाशकात तिवंध्याजवळच्या आमच्या वाड्यात न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात निखारे, भोवती पाणी. वरून गार पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर यायचं. म्हणून घरात कायदा एकच: जेवढं घ्याल तेवढं आधी घाला. मोठा दादा तो हमखास मोडायचा आणि मागच्याला रिकाम्या तोटीखाली कुडकुडत बसावं लागायचं. "बादली कोण ओतणार रे, तुझा काका?" आजी स्वयंपाकघरातूनच ओरडायची.

डिसेंबरात निफाडकडून गारठा आला की बंबापाशी जागेवरून भांडणं व्हायची. नारळाच्या करवंट्या, लाकडाच्या ढलप्या, जुन्या वह्यासुद्धा त्याच्या पोटात गेल्या. (माझं गणिताचं प्रगतिपुस्तकही. ते अजून कुणाला कळलेलं नाही.) राखेने भांडी निघायची. दिवाळीआधी चिंचेने बंब घासायचं काम मात्र आम्हा मुलींच्याच वाट्याला, मुलगे त्या दिवशी नेमके गायब.

आता गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये पंधरा लिटरचा गिझर आहे. बटण दाबलं, पाणी तयार. धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत, पहाटे कुणाला उठावं लागत नाही. आईचे गुडघे बघता रोजच्यासाठी मी गिझरच निवडेन, यात वादच नको. फक्त नरक चतुर्दशीला उटणं लावल्यावर पाण्याला तो धुरकट वास नसतो.

बंब सध्या बाल्कनीत आहे. त्यात मनीप्लांट लावलाय.